बाटली सुटते, रस राहतो



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ५९. सोबत अध्याय ३ मधले श्लोक ६ आणि ७ उघडून ठेवा, मध्येच लागतील.

आधी साधा अर्थ बघू. माणसाने विषयांचा आहार बंद केला की विषय त्याच्यापासून दूर होतात. पण रस, म्हणजे आतली गोडी, मागे राहते. त्या परमतत्त्वाचं दर्शन झालं की ही गोडीसुद्धा निघून जाते. श्लोक एवढाच आहे. एरवी अशा श्लोकावर मी उपवासाचं किंवा मोबाईलचं उदाहरण देतो आणि पुढे जातो. आज दारूबद्दल लिहितोय. दुसऱ्या कुणाच्या नाही, माझ्या स्वतःच्या.

या आषाढी एकादशीला मला दारू सोडून सात वर्षं होतील. इथे रोज वाचणाऱ्या बऱ्याच जणांना हे माहीत नाही. सांगायचं की नाही यावर मी खूप दिवस घालवले. शेवटी वाटलं, ज्या श्लोकाने मला एका वाईट सकाळी वाचवलं, त्यावर लिहिताना तीच सकाळ लपवली तर सगळंच खोटं होईल.

तर गोष्ट अशी. माझं घर कळंब्यात, तलावापासून चालत दहा मिनिटांवर. शिक्षण कोल्हापुरात झालं आणि मग नोकरीसाठी पुण्यात हिंजवडीला गेलो. तिथे आधी फक्त शुक्रवारी, मग शुक्रवार-शनिवार, मग 'आज फार ताण होता' म्हणून, आणि शेवटी कारण लागेनासंच झालं. कोल्हापूरला आलो की मित्र होतेच. आपल्याकडे 'बसायचं का?' एवढंच विचारतात, कशाला ते सांगावं लागत नाही. 'तीर्थ घेऊया' असंही हसत हसत म्हणायचो. देवाचा शब्द तिथे वापरताना तेव्हा काहीच वाटत नव्हतं.

मी दोनदा सोडली. पहिल्यांदा अकरा महिने टिकलो. त्या अकरा महिन्यांत माझं फार कौतुक झालं. नातेवाईक आपल्या पोरांना माझं उदाहरण द्यायचे. कुणी विचारलं, 'आता इच्छा होत नाही का रे?' की मी छाती काढून सांगायचो, 'छे, आता आठवणसुद्धा येत नाही.' हे साफ खोटं होतं. रोज संध्याकाळी सात वाजता आठवण यायची. पण कौतुकाची इतकी सवय लागली होती की खरं बोलायला जागाच उरली नव्हती. एका मित्राच्या हळदीला कुणीतरी ग्लास पुढे केला आणि मी तो घेतला. पुढचे आठ महिने काय झालं, ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्यांदा सोडली ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. इथे एक गोष्ट थांबून सांगतो, कारण भक्तिमार्गातली मंडळी कधी कधी याबाबतीत भाबडी असतात. जो माणूस रोज भरपूर पितो, त्याने संकल्प करून एका रात्रीत एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरणं, घाम, झटके, भ्रम होऊ शकतात. त्या दिवसांत डॉक्टर लागतो. नामस्मरण जरूर करा, पण दवाखान्यात बसून करा.

आता ती सकाळ. चौथा महिना चालू होता. दिवाळी होऊन गेली होती, कार्तिकी एकादशी जवळ आली होती. मी नोकरी बदलून कळंब्यात परत आलो होतो आणि घरूनच काम करत होतो. रोज पहाटे तलावावर जायचो, काठावर बसून गीतेचे दोन श्लोक वाचायचो आणि घरी यायचो. त्या दिवशी क्रमाने तिसऱ्या अध्यायाचा सहावा श्लोक आला. तिथे भगवान म्हणतात की जो कर्मेंद्रियं आवरून धरतो पण मनाने विषय आठवत बसतो, तो मूढ माणूस मिथ्याचारी म्हणजे ढोंगी आहे.

आदल्या रात्रीच मी दोन तास छताकडे बघत काढले होते. डोळ्यांसमोर ग्लास, बर्फ आणि तो पहिला घोट. हात आवरलेले होते, मन मात्र बारमध्ये बसलं होतं. श्लोकात माझं नाव घालून वाचावं इतकं ते वर्णन तंतोतंत होतं.

मग डोक्यात एक विचार सुरू झाला, आणि तो फार शहाणा वाटत होता. मी बाहेरून सोडली आहे, आतून नाही. म्हणजे मी ढोंगी आहे. ढोंगापेक्षा उघड पिणारा बरा, तो निदान आत-बाहेर एक आहे. देवाला प्रामाणिकपणा आवडतो. मग आज संध्याकाळी एक घेतली तर उलट मी जास्त खरा होईन!

तुम्ही हसाल. पण व्यसन असंच बोलतं. त्याला तुमची भाषा येते. दारूड्याशी ते दारूड्याच्या भाषेत बोलतं आणि भक्ताशी गीतेच्या.

त्या दिवशी मी एक गोष्ट पहिल्या वेळेपेक्षा वेगळी केली. दारू सोडलेल्या लोकांची जी मीटिंग असते, तिथे मी तेव्हा जायला लागलो होतो. त्यातल्या एका काकांना फोन केला. एसटीतून रिटायर झालेले, सोडून एकोणीस वर्षं झालेले. नाव सांगत नाही, तिथला नियमच तसा आहे. मी त्यांना सगळा श्लोक आणि माझा सगळा युक्तिवाद ऐकवला. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "आरं पोरा, तल्लफ आली म्हणून काय पाप लागत न्हाई. लपवलीस की मग अवघड हाय. संध्याकाळी गंगावेशीत ये, दूध पिऊया."

गंगावेशीतला दूधकट्टा कोल्हापूरकरांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो, तिथे संध्याकाळी रस्त्याकडेला म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात आणि ते फेसाळ दूध पेल्यात देतात. त्या संध्याकाळी सात वाजता मी हातात दुधाचा पेला घेऊन उभा होतो. काका गीतेवर एक अक्षर बोलले नाहीत. गुडघेदुखीवर बोलले, ऊसदरावर बोलले. साडेआठला मी घरी आलो. तल्लफ कधी ओसरली ते कळलंही नव्हतं.

मग मिथ्याचारी कोण?

घरी येऊन मी तो श्लोक पुन्हा वाचला, आणि या वेळी सावकाश. भगवान 'ज्याला विषय आठवतात तो' असं म्हणत नाहीत. 'आठवत बसतो तो' असं म्हणतात. सगळा फरक त्या बसण्यात आहे. आठवण येणं माझ्या हातात नाही. पावसाच्या पहिल्या सरीला, भज्यांच्या वासाला, जुन्या गाण्याला ती येते. दारात कुणी आलं म्हणजे मी त्याला बोलावलंच होतं असं होत नाही. पण मी त्याला आत घेऊन, गादी घालून, चहा ठेवून गप्पा मारत बसलो, तर ते माझं काम झालं.

दुसरं म्हणजे 'मिथ्या' हा शब्द. खोटेपणा कुठे आहे? मनात इच्छा आहे आणि मी हात आवरला, यात खोटं काय आहे? दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. इच्छा खरी आणि आवरणंही खरं. खोटं तेव्हा सुरू होतं, जेव्हा मी 'इच्छाच नाही' असं दाखवतो. म्हणजे पहिल्या अकरा महिन्यांतला, सगळ्यांनी डोक्यावर घेतलेला मी खरोखर मिथ्याचारी होतो. आणि चौथ्या महिन्यात फोनवर रडकुंडीला येऊन 'काका, आज प्यावीशी वाटतेय' म्हणणारा मी नव्हतो.

आणि तो प्रामाणिकपणाचा मुद्दा. 'प्यायलो तर निदान खरा राहीन' हे मला पटलं कसं, याचंच आता आश्चर्य वाटतं. पीत होतो तेव्हा मी किती खरा होतो? बडीशेप खाऊन घरी येणारा, 'क्लायंटचा कॉल होता' सांगणारा, बिलं फाडून टाकणारा, बाटली बुटांच्या खोक्यात ठेवणारा. आयुष्यात सगळ्यात जास्त खोटं मी त्याच वर्षांत बोललो. संध्याकाळी सातला ज्याला हवीशी वाटते तोच 'खरा मी', आणि सकाळी सातला ज्याला नको असते तो 'खोटा मी', असं कुणी ठरवलं? संकल्प करणाराही मीच आहे. दोघांपैकी कुणाला जेवायला घालायचं, एवढंच माझ्या हातात आहे.

लगेच पुढचा सातवा श्लोक वाचा. मनाने इंद्रियं आवरून जो कामाला लागतो, तो श्रेष्ठ. बसलेल्याला भगवान उठून काम करायला सांगतायत. माझ्या बाबतीत ते काम म्हणजे गंगावेशीपर्यंत गाडी चालवत जाणं होतं. काम इतकं छोटं असू शकतं.

रस राहतो, आणि ते भगवंताला माहीत आहे

आता आजच्या श्लोकाकडे येऊ. मला सगळ्यात मोठा दिलासा इथे मिळाला. आहार बंद केला तरी रस राहतो, हे भगवान आरोप म्हणून सांगत नाहीत. जसं आहे तसं सांगतात, वैद्य सांगतो तसं. विषय आधी जातो, गोडी नंतर. मधला काळ असणारच आहे.

गंमत म्हणजे आजच्या मानसोपचाराच्या शास्त्राने हेच कागदावर लिहून ठेवलं आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली निदानाच्या निकषांची नवी आवृत्ती काढली. दारूच्या व्यसनाचे त्यात ११ निकष आहेत. तीन महिने यातला एकही निकष दिसला नाही, तर माणूस सुधारणेच्या सुरुवातीच्या टप्प्यात आहे असं धरतात. बारा महिने दिसला नाही, तर सुधारणा टिकली असं धरतात. पण त्यात एक अपवाद ठेवला आहे. तल्लफ. ती असली तरी चालते, माणूस सुधारलेलाच धरला जातो. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलो होतो. बाकी सगळं जाऊ शकतं आणि रस राहू शकतो, ही आपल्या श्लोकाचीच पहिली ओळ झाली की!

ज्ञानेश्वर माउली या श्लोकावर झाडाचा दृष्टान्त देतात. वरवरची पालवी खुडत राहिलो आणि मुळाला पाणी घालत राहिलो, तर झाड मरेल कसं? आणि रस नुसत्या हट्टाने आवरता येत नाही, हेही ते तिथेच सांगतात. सातशे वर्षांपूर्वीचा हा विचार मी माझ्या श्रावणाला लावून बघितला.

तुमच्यापैकी किती जण श्रावण पाळता? मी न चुकता पाळायचो. आषाढ अमावस्येला, दिव्यांच्या त्या सुंदर दिवसाला आपण 'गटारी' करून टाकलं, त्या रात्री पोटभर प्यायचो. मग श्रावण कडकडीत. गणपती होईपर्यंत थेंब नाही. घरचे खूश, मीही खूश. 'बघा, मनात आणलं तर सोडू शकतो.' पण त्या सगळ्या दिवसांत मी कॅलेंडर बघत होतो. अनंत चतुर्दशीनंतरचा शनिवार मित्रांनी आधीच ठरवलेला असायचा, जागा ठरलेली, रस्सा कोण करणार तेही ठरलेलं. पालवी खुडलेली आणि मुळाला रोज बादलीभर पाणी. श्रावण पाळणं वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. माझं पाळणं कसं होतं, ते सांगतोय. माझ्या व्रताचं बक्षीस दारूच होतं.

मीटिंगमध्ये सांगतात, फक्त आजचा दिवस. मला आधी वाटायचं, हे श्रावणापेक्षाही कच्चं आहे. तिथे निदान महिनाभर म्हणतात, इथे एकच दिवस! अनुभवाने कळलं की उलट आहे. श्रावणात माझी नजर सुटकेच्या दिवसावर होती. 'फक्त आज' म्हटल्यावर पुढे कुठलाच दिवस उरत नाही, म्हणून पुढच्या शनिवाराला पाणी घालता येत नाही.

एक माणूस, एक हॉटेल

या मीटिंगा सुरू कशा झाल्या, ती गोष्ट आजच्या श्लोकाला जोडून सांगण्यासारखी आहे. १९३५ सालचा मे महिना. न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन कामासाठी अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी आला होता. काम फिसकटलं. दारू सोडून त्याला पाच महिने झाले होते. परक्या गावात हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा, बाजूला बार, तिथून येणारे आवाज. रस शिल्लक होता, आणि तो त्याने कबूल केला. बारकडे न जाता तो टेलिफोनकडे गेला आणि गावातल्या चर्चना फोन लावत सुटला, कारण त्याला दारूशी झगडणारा दुसरा एखादा माणूस भेटायला हवा होता. त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी पडली. दुसऱ्याला वाचवायला म्हणून तो बोलला आणि स्वतः वाचला. डॉ. बॉबने १० जून १९३५ ला शेवटचा घोट घेतला. तोच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा स्थापनादिन मानतात.

आपल्याकडे असंच मोठं काम पुण्यात मुक्तांगणने केलं. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि मदतीला उभे राहिले. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण सुरू झालं. तिथे राहून घ्यायचे उपचार ३५ दिवसांचे. पण ३५ दिवसांनी काम संपलं असं ते मानत नाहीत, पुढे पाठपुरावा असतो. आणि व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच तिथे कार्यकर्ते म्हणून नव्या माणसाचा हात धरतात. बाटली पस्तीस दिवस दूर ठेवता येते. रसाला पुढची वर्षं लागतात आणि त्या वर्षांत सोबत लागते. आपण याला सत्संग म्हणतो. सत्संग म्हणजे लाऊडस्पीकरवरचं प्रवचनच असतं असं नाही. जिथे खरं बोलता येतं तो संग, असा मी आता त्याचा अर्थ घेतो.

काळ जातो तसं काय वाटतं

नव्याने सोडलेले मला एकच प्रश्न विचारतात, 'बरं कधी वाटायला लागतं?' याचं उत्तर अठराव्या अध्यायात आहे, श्लोक ३६ ते ३८. तिथे सुखाचे प्रकार सांगितले आहेत. एक सुख सुरुवातीला विषासारखं आणि शेवटी अमृतासारखं. दुसरं सुरुवातीला अमृतासारखं आणि शेवटी विषासारखं. आणि माणूस अभ्यासाने सुखात रमतो, असंही तिथे म्हटलं आहे. मला आवडतं ते हे की भगवान सुरुवातीच्या विषाला विषच म्हणतात. 'लगेच आनंद वाटेल' अशी जाहिरात करत नाहीत.

म्हणून मीही करणार नाही. पहिल्या काही आठवड्यांत झोप नाही, चिडचिड आहे, गोड खाण्याची हाव आहे. आणि संध्याकाळ. संध्याकाळ इतकी लांब असते हे मला तिशी ओलांडल्यावर कळलं. तीन-चार महिन्यांनी शरीर सुधारतं, चेहरा उजळतो, लोक म्हणतात 'छान दिसतोस'. आणि नेमकं तेव्हाच आतून सगळं फिकं वाटायला लागतं. गाणं फिकं, जेवण फिकं, भजनही फिकं. मला वाटलं होतं भक्तीत लगेच मन लागेल. नाही लागलं. काठावर बसून नुसते शब्द वाचायचो.

दुसऱ्या वर्षात भावना परत आल्या, आणि सगळ्या एकदम आल्या. माझे अण्णा गेले तेव्हा मी पीत होतो, त्यांच्या दहाव्यालाही प्यायलेलो होतो. त्यांच्यासाठी मी खरं रडलो ते दारू सोडल्यानंतर दीड वर्षाने, एका मंगळवारी दुपारी, जेवणाच्या ताटावर. ते दुःख तोवर थांबून राहिलं होतं. दारूने दुःख कमी केलं नव्हतं, उधारीवर ठेवलं होतं.

घरातलं सांगतो. डॉक्टर म्हणतात, दारू थांबली की यकृतावरची चरबी बऱ्याचदा काही आठवड्यांत उतरायला लागते. बायकोचा विश्वास काही आठवड्यांत येत नाही. दोन वर्षं ती माझी बॅग बघायची. मी आंघोळीला गेलो की कपाट उघडल्याचा आवाज यायचा. मला राग यायचा, 'अजून?' म्हणून. मग एक दिवस लक्षात आलं की मी सुधारलो म्हणून तिने माझ्या वेळापत्रकाप्रमाणे मला माफ करावं, हीसुद्धा एक मागणीच आहे. मी सोडली ते कर्ज फेडणं होतं. त्यावर व्याज मागता येत नाही. तिने बॅग बघणं कधी थांबवलं मला माहीत नाही. खूप दिवसांनी कळलं की थांबलं आहे.

रसाचंही तसंच झालं. तो एखाद्या दिवशी गेला नाही. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की आमचा तलाव लगेच भरत नाही, आधी भेगाळलेली जमीन पाणी पिते. कात्यायनीच्या डोंगरांकडून पाणी येत राहतं आणि आपल्याला काहीच दिसत नाही. मग एखाद्या सकाळी गेलं की सांडव्यावरून पाणी पडत असतं. साधारण चौथ्या वर्षी एकदा रात्री नऊ वाजता मला जाणवलं की आज सात वाजून गेले आणि मला कळलंच नाही.

रस संपला का? नाही. मागच्याच महिन्यात एका लग्नात बाजूच्या टेबलावरून वास आला आणि क्षणभर सगळं शरीर तिकडे वळलं. सातव्या वर्षी! आता त्याची भीती मात्र वेगळी आहे. पहिल्या वर्षी मन म्हणायचं, 'मला सहन होत नाही, एक घेऊ दे.' आता म्हणतं, 'तू इतका बरा झालायस, एकाने काय होतंय?' दोन्ही वाक्यांचा शेवट एकाच ग्लासात आहे. मी त्या लग्नातून उठलो, बाहेर येऊन काकांना फोन केला. ते म्हणाले, "आली व्हय? बरं झालं सांगितलंस."

श्लोकाच्या शेवटी परमतत्त्वाच्या दर्शनाने रस जातो म्हटलं आहे. मला ते दर्शन झालंय असं मी म्हणणार नाही, ते म्हटलं तर पुन्हा अकरा महिन्यांचा मी होईन. पण त्याची एखादी तिरीप दिसते. पहाटे स्वच्छ डोक्याने उठणं. काल काय बोललो ते आठवणं. गाडीचा आवाज आला की आईने दचकून खिडकीत न येणं. याहून गोड काही चाखलं की जुनी गोडी थोडी मागे सरते. जबरदस्तीने ती सरत नाही.

जे पुन्हा घसरले त्यांच्यासाठी

कुणी हे वाचताना मनात म्हणत असेल, मी तर मागच्या आठवड्यात पुन्हा प्यायलो. त्याने सहावा अध्याय उघडावा. श्लोक ३७ पासून अर्जुन हाच प्रश्न विचारतो. ज्याची श्रद्धा आहे पण जो मध्येच ढळला, तो फाटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून जातो का? चाळीसाव्या श्लोकात भगवंताचं उत्तर फार मायेचं आहे. चांगलं करू पाहणाऱ्या कुणाचीही दुर्गती होत नाही. माझे पहिले अकरा महिने वाया गेले नव्हते. खोटं बोलल्यावर काय होतं, ते मला त्यांनीच शिकवलं.

आणि ज्यांनी आयुष्यात कधी थेंब घेतला नाही त्यांना एक विनंती. चांगली गोष्ट आहे. पण 'आम्ही नाही बाबा कधी घेत' हे म्हणतानाही जिभेवर एक गोडी असते, ती तपासून बघा. ऑफिसच्या पार्टीत कुणी 'मी घेत नाही' म्हटलं, तर त्याला कारण विचारू नका. माळकरी माणसाचं बरं असतं, गळ्यातली माळ बघून कुणी आग्रह करत नाही. ज्याच्या गळ्यात माळ नाही, त्याच्या नकारालाही तेवढाच मान द्या.

आजचा अभ्यास : आपली एक गोडी शोधा. दारूच असेल असं नाही, काहीही असेल. ती आज एका विश्वासातल्या माणसाला शब्दात सांगा. सुधारणार आहे वगैरे आश्वासन नको, नुसतं सांगा. दारूसाठी मदत हवी असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोन लावा. आणि संध्याकाळी सातला पोटात काही असू द्या, एकटे राहू नका. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चार दारांनी तल्लफ आत येते.

उद्या श्लोक ६०. त्यात भगवान सांगतात की प्रयत्न करणाऱ्या शहाण्या माणसाचं मनसुद्धा इंद्रियं ओढून नेतात. हा श्लोक आजच्या श्लोकाच्या लगेच पुढे आहे, हे मला त्या कार्तिकातल्या सकाळी ठाऊक असतं तर बरं झालं असतं.

राम कृष्ण हरी.